तात्यांची पांढरी दोन

विलासचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर यादीच होती. भवानीनगरला मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. दहावीला बसणाऱ्या मुलांची नावं दाखल्याशी ताडून बघत होते. "तात्या गेले. जेवून कॉटवर पडले होते, चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत. तू ये," एवढंच बोलून विलासने फोन ठेवला. विलास माझे यजमान, तात्या माझे सासरे. यादीतली पाच नावं राहिली होती. ती मी तपासली, खाली सही केली, कपाटाला कुलूप लावलं आणि मगच पिशवी उचलली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं ते नाहीच. पण तात्यांना नवल वाटलं नसतं. "नंदा, मी मेलो तर तू आधी यादी करशील आन मग रडशील," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि मी म्हणायची, "कुणीतरी करायलाच पाहिजे की, तात्या." तसंच झालं. कळसला घरी पोचेपर्यंत कुणाकुणाला कळवायचं ते मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून काढलं होतं. पहिलं नाव शिवाजीभाऊजींचं होतं. ते आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवादक. त्यांना फोन लावला, त्यांचा 'हॅलो' ऐकला आणि मग मी रडले...

तात्या भजन म्हणत. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. माळावर पांगलेल्या मेंढरांना हाका घालता घालता तात्यांचा गळा तयार झाला, असं जुनी माणसं सांगतात. पुढे पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला. तात्या हंगामात कारखान्यावर कामाला जाऊ लागले, पण गळा माळावरचाच राहिला. उंच, मोकळा, दूरवर जाणारा. आमच्या भागात भजन म्हणणाऱ्याची किंमत पट्टीवर ठरते. पेटीवरच्या ज्या सुराला षड्ज धरून बुवा गातो, ती त्याची पट्टी. जितकी वरची पट्टी तितका बुवा मोठा. उसाला जसं एकरी किती टन पडला असं विचारतात, तसं बुवाला कोणत्या पट्टीत म्हणतो असं विचारतात. तात्यांची काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. पुरुषाच्या गळ्याला ती फार वर. तात्यांनी ती साठी उलटली तरी सोडली नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारणीनं माझी ओळख "काळी चारवाल्या तात्यांची सून" अशीच करून दिली होती. पट्टी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, जमिनीची पट्टी असेल.

आमच्याकडे एक रीत आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या बाजूच्या कातड्याला, ओल्या कणकेचा लेप द्यावा लागतो, त्याशिवाय घुमत नाही. ती कणीक मुख्य गाणाऱ्याच्या घरून जाते. दर गुरुवारी देवळात मंडळ बसायचं. संध्याकाळी पोळ्यांची कणीक मळली की त्यातला लिंबाएवढा गोळा मी बाजूला काढायचा, वाटीखाली झाकून ठेवायचा, तात्यांनी तो जाताना रुमालात बांधून न्यायचा. सासूबाई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. स्वयंपाकघरात माझी गुरुवारची यादी टांगलेली असते, तिच्यावर पहिली ओळ हीच, 'कणीक, एक गोळा.' तात्या यादीला हसायचे. "एका गोळ्याला कागद लागतो व्हय तुला?" पण एकदा मी माहेरी गेले असताना विलासने गोळा काढला नाही आणि मंडळ अर्धा तास खोळंबलं, तेव्हापासून त्यांनी यादीला नाव ठेवलं नाही.

कऱ्हाटीला जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथल्या यात्रेत भजनाला बोलावणं होतं. तात्यांचं वय पासष्टच्या आसपास, अंगात आठवडाभर सर्दी. मी म्हटलं होतं की या वेळी नका जाऊ, पण शब्द दिला होता. पहिले दोन अभंग निभावले. शेवटच्या गजराला त्यांनी नेहमीसारखा वरचा सूर घेतला आणि आवाज फाटला. ते थांबले, पाणी प्यायले, परत तिथूनच उचलला. परत फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. समोरच्या मंडळाच्या बुवांनी पटकन गजर आपल्याकडे घेतला आणि पुरा केला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं. घरी आल्यावर तात्यांनी पेटी खोक्यात घातली, खोक्याला दोरी बांधली आणि विलासला म्हणाले, "वर माळ्यावर ठेव."

त्यानंतर सात वर्षं ते गायले नाहीत. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "झालं की आता. लई म्हणलं." गावानं ते मोठ्या मनानं घेतलं, आणि तिथंच गोची झाली. तात्या गप्प बसले तशी त्यांची काळी चार गावात वाढत गेली. कोण म्हणायचं तात्यांचा आवाज पार शेजारच्या गावात ऐकू जायचा, कोण म्हणायचं स्पीकर बंद पडला तरी कळायचं नाही. नव्या पोरांना हे सगळं ऐकवलं जायचं, तेही तात्यांच्या समोर. ते मान खाली घालून सुपारी कातरत बसायचे. खाली उतरून, वयाला झेपेल त्या पट्टीत गावं, असं त्यांना कुणी सुचवलं नाही. कसं सुचवणार? आमच्याकडे पट्टी उतरणं म्हणजे माणूस संपणं. दर गुरुवारी मी कणकेचा गोळा मात्र काढत होते, कारण मुख्य गाणारा म्हणून मंडळ अजून तात्यांनाच धरत होतं आणि रीत मोडायची नाही असं तात्यांनीच सांगितलं होतं. शिवाजीभाऊजी देवळाकडे जाताना दारात थांबायचे. तात्या उंबऱ्यावरूनच गोळा त्यांच्या हातात द्यायचे आणि आत वळायचे. मग देवळातून पखवाज ऐकू यायला लागला की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मला सवयच आहे, जे दिसेल ते वहीत टिपायची. त्या वहीत एक नोंद आहे, 'तात्या गोठ्यात गुणगुणतात. सकाळी सहा.' धार काढताना ते गात होते, अगदी खाली, गाईला ऐकू जाईल इतकंच. मी दुधाचं भांडं घेऊन दाराशी थांबले. त्या दिवशी त्यांना कळलं नाही. मग मी रोज दहा मिनिटं लवकर उठायला लागले. महिनाभर ऐकलं. गाण्यातलं मला फार कळत नाही, पण एक कळलं की या आवाजात चिरा नव्हत्या. तो मेंढरांना घातलेल्या हाकेसारखा नव्हता, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा होता. शेवटी एके दिवशी विचारलंच, "तात्या, ही कुठली पट्टी?" ते दचकले. मग म्हणाले, "ही कसली पट्टी? ही म्हातारपणाची कुरकुर हाय." मी म्हटलं, "पण छान वाटतंय." "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाले खरं, पण त्या रविवारी त्यांनी स्वतः विलासला माळ्यावरून पेटी काढायला लावली. दोरी सोडली, भाता हलवला, एकेक सूर दाबून बघितला आणि एका पांढऱ्या सुरावर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पांढरी दोन." काळी चारपेक्षा ती कितीतरी खालची.

देवळाचा नवा सभामंडप पुरा झाला तेव्हा गावानं भजनाचा कार्यक्रम ठरवला. आसपासची मंडळं येणार होती. शिवाजीभाऊजी घरी आले आणि म्हणाले, "तात्या, तुमी फकस्त पुढं बसा. नारळ तुमच्या हातानं फुटू द्या." तात्या म्हणाले, "नारळ दुसरं कुणीबी फोडंल. मी म्हणणार हाय." शिवाजीभाऊजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तात्यांकडे. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "काळी चार..." एवढंच पुटपुटले आणि चहा अर्धा टाकून गावात सांगायला गेले. तासाभरात सगळीकडे झालं, तात्या परत काळी चार लावणार. तात्या दारात उभे राहून ते ऐकत होते. त्यांनी कुणाला दुरुस्त केलं नाही. मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाले, "तुझ्या यादीत एक वस्तू लिही. पखवाज, पांढरी दोनचा. आन कुणाला वाचून दाखवू नको." मी विचारलं, "शिवाजीभाऊजींना सांगू का नीट?" म्हणाले, "नको. त्येचं तोंड बघवणार न्हाय मला. लिहून दे, त्यो आणंल."

इथे थोडं समजावून सांगते. पखवाज हव्या त्या पट्टीत लावता येत नाही. हातोडीने ठोकून थोडा वर-खाली होतो, पण काळी चारचा पखवाज पांढरी दोनवर आणायचा म्हटलं तर त्याची पुडी सैल पडते आणि आवाजच मरतो. त्यासाठी वाद्यच दुसरं लागतं. आणि ते दोन सूर एकमेकांच्या इतके अंगावर येतात की दोन्ही एकदम वाजले तर ऐकवत नाही. म्हणून ती ओळ यादीत असणं गरजेचं होतं. सतरंज्या, पाण्याचे जार, माईक, हार, चहाची पातेली यांच्या खाली मी ठळक अक्षरात ती लिहिली आणि यादी शिवाजीभाऊजींकडे दिली, कारण इंदापूरहून वाद्यं आणायचं काम त्यांचं होतं. यादी दिली की काम झालं, ही माझी कायमची समजूत. पुन्हा विचारलं नाही. ती चूक माझी.

शिवाजीभाऊजींनी यादी वाचली. तात्या आणि पांढरी दोन? वहिनीला पट्टीतलं काय कळतंय, लिहिण्यात गफलत झाली असणार, असं त्यांना वाटलं. नुसतं वाटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं. पण ही यादी चुकून दुसऱ्या कुणी वाचली तर तात्यांचा अपमान होईल, अशी त्यांना काळजी पडली. त्यांनी पेन काढलं, माझी ओळ खोडली, वर 'काळी चार' लिहिलं आणि आपला घरचाच पखवाज नवी पुडी चढवून तयार केला. कार्यक्रम दुपारी चारचा होता. दोन वाजल्यापासून ते मंडपात बसून तो ठोकत होते, कान लावत होते, परत ठोकत होते. इतका सुरेख लावला होता की येणारा जाणारा थांबून ऐकत होता. मी कणकेचा गोळा रुमालात बांधून दिला, त्यांनी लेप द्यायला तो बाजूला ठेवला. आणि मी, बाई, सतरंज्या मोजत फिरत होते.

मंडप भरला. माणसं पायऱ्यांवर, बाहेर पारावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली होती. तात्यांच्या आवाजाला जवळ बसावं लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तात्या धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून आले, पेटीपुढे बसले आणि पांढरी दोन दाबली. शिवाजीभाऊजी त्यांच्याकडे झुकले. "तात्या, बोट चुकलं." "न्हाय चुकलं," तात्या म्हणाले. भाऊजींनी आपल्या पखवाजावर एक थाप दिली, खात्री करायला. ती थाप आणि पेटीचा सूर एकत्र ऐकून पुढच्या रांगेतल्या माणसांचे चेहरेच वाकडे झाले. भाऊजींना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि मला ती खोडलेली ओळ न बघताच दिसली. आता दोनच वाटा होत्या. एक तर काळी चार लावायची आणि कऱ्हाटीसारखं सगळ्या गावादेखत फाटायचं, नाही तर उठायचं. मी विलासचा दंड धरला होता, हे त्याने नंतर सांगितलं.

तात्या उठले नाहीत. म्हणाले, "पखवाज बाजूला ठेव. टाळ घे." माईक चालू होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग त्यांनी समोर बघितलं. "मंडळी, माझी पट्टी उतरलीया. काळी चार आता माझ्यात न्हाय. शिवाजीला मी सांगितलं न्हवतं, त्येची काय चूक न्हाय. ज्याला जायाचं त्येनं खुशाल जावं, मी वाईट वाटून घेणार न्हाय." पाठीमागे एक जण धोतर झटकत उठला. इकडे तिकडे बघितलं आणि परत बसला. तात्यांनी डोळे मिटले आणि गोठ्यात म्हणायचे तसं म्हणायला लागले.

पखवाज नाही, फक्त पेटी आणि शिवाजीभाऊजींच्या हातातले टाळ. तेही ते इतके हलके वाजवत होते की जणू आवाज झाला तर कुणी रागवेल. पहिली पाच मिनिटं चुळबुळ होती. ट्रॉलीतल्यांना ऐकू येईना. माईकवाला आवाज वाढवायला गेला तर शिट्टी वाजली, त्याने तो होता तसा ठेवला. मग ट्रॉलीतली माणसं खाली उतरली. पारावरची पायऱ्यांवर आली, पायऱ्यांवरची आत आली. कुणी कुणाला सरका म्हणत नव्हतं, नुसतं सरकत होतं. मी बायकांच्या बाजूला जाऊन बसले होते, तिथे गुडघ्याला गुडघा लागला. ज्या आवाजासाठी कुणाला कधी जवळ यावं लागलं नव्हतं, त्याच्यासाठी अख्खं गाव दाटीवाटीनं एका मंडपात बसलं. तात्या एक ओळ म्हणायचे, थांबायचे, तीच ओळ परत वेगळी म्हणायचे, आणि त्या थांबण्यात टाळ सुद्धा थांबायचे... किती वेळ गायले ते मला सांगता येत नाही. घड्याळ बघायचं माझ्या लक्षात राहिलं नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना यावरून काय ते कळेल. शेवटच्या गजराला वरचा सूर आला. त्यांनी तो घेतला, सहज, जिना चढून माणूस माडीवर यावा तसा, आणि तिथे थोडं उभं राहून खाली आले.

पुढे बसलेली भागाआत्या, तात्यांची थोरली चुलतबहीण, टाळ्यांच्याही आधी बोलली. "आरं, इतकी वर्सं तुझं भजन ऐकलं. आज काय म्हणतुयास ते कळलं."

"मग आधी का न्हाय सांगितलंस?" तात्या म्हणाले.

"तू कुठं खाली येत हुतास?"

मंडप जो हसला, तो त्यानंतर टाळ्यांवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

घरी आल्यावर तात्यांनी पखवाजाजवळून उचलून आणलेला रुमाल खिशातून काढून माझ्या हातात दिला. आत कणकेचा गोळा तसाच होता, वरून सुकलेला. "याला आज काम न्हवतं. गाईला दे." दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजीभाऊजी अंगणात येऊन उभे राहिले, आत येईनात. "वहिनी, ती ओळ मी खोडली." मी काही बोलायच्या आत तात्या गोठ्यातून म्हणाले, "खोडलीस ते बरं केलंस. पखवाज असता तर मी त्येच्या मागं लपलो असतो. ये आत, चहा घे. मागच्या खेपंचाबी अर्धाच टाकलायस." भाऊजींनी महिन्याभरात पांढरी दोनचा पखवाज करून आणला. पुढची चार वर्षं दोघं सगळीकडे गेले. इंदापूर, भवानीनगर, आणि एकदा कऱ्हाटीलाही. तिथे मी मुद्दाम गेले होते. तिथेही लोक पुढे सरकले.

तात्यांच्या तेराव्याची यादी अर्थातच मी केली. पत्रावळी, तांदूळ, बसायची सोय, आणि भजनासाठी लागणारं सामान. शिवाजीभाऊजी ती न्यायला आले. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत एकेक ओळ वाचत खाली आले आणि एका ओळीशी थांबले. 'पखवाज, पांढरी दोन.' मंडळातल्या तरण्या गळ्यांना ती पट्टी फार खालची, हे त्यांना माहीत होतं आणि आता मलाही माहीत आहे. खिशाला पेन होतं. मी बघत होते. त्यांनी यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरोबर हाय." त्या दिवशी तरुण पोरं खाली वाकून वाकून गायली, गळा सापडत नव्हता तरी कुणाचं बोट काळ्या सुराकडे गेलं नाही.

आता मंडळ परत आपल्या पट्टीत बसतं, तेच योग्य आहे. मुख्य गाणारा दुसरा झाला, म्हणजे रीतीप्रमाणे कणीक आता त्याच्या घरून जायची. मी यादीतली ती ओळ काढायला हवी होती. गेल्या गुरुवारी पोळ्या झाल्यावर ओटा पुसायला घेतला तर कोपऱ्यात वाटी पालथी होती आणि वाटीखाली गोळा होता. कधी काढला ते मला आठवत नाही. देवळातून पखवाज ऐकू यायला लागला. मी टीव्हीचा आवाज कमी केला, गोळा घेतला आणि गोठ्यात गेले.